चावी खरातांकडेच राहील

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडं, ज्या माळावर पूर्वी ज्वारीसुद्धा रडतरडत यायची, तिथं नव्वद सालानंतर एक वसाहत उभी राहिली. आधी नकाशा आणि मागून माणसं, अशी. रस्ते सरळ रेघेत, रस्त्यांना नंबर, कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या: बगिच्यासाठी राखीव, शाळेसाठी राखीव, दवाखान्यासाठी राखीव. बगिच्यात बाभळी होत्या, शाळेत शेळ्या चरत होत्या आणि दवाखान्याच्या जागेवर पोरं क्रिकेट खेळत होती. मधोमध पाच इमारती, तळमजला आणि वर तीन मजले. बांधणाऱ्यानं त्यांना नावं दिली नीरा, कऱ्हा, भीमा, मुळा आणि मुठा. नद्या पाच, पण पाण्याची टाकी पाचांत मिळून एक, आणि तिच्यातून सगळ्यांना एकदम पाणी सोडलं तर वरच्या मजल्यांवर नळ नुसते सुस्कारे टाकायचे.

फ्लॅट ज्याचा त्याच्या मालकीचा. जिना, गच्ची आणि आवार सगळ्यांचं. प्रत्येक इमारतीचं वेगळं मंडळ, त्याला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. शिवाय पाची इमारतींच्या डोक्यावर एक संयुक्त समिती. साठ घरांत अठरा पदाधिकारी निघाले. कारखान्याच्या आणि दूध संघाच्या निवडणुका बघत वाढलेली ही माणसं. घर घेतल्यावर पडदे लावायच्या आधी त्यांनी पॅनेल लावलं यात नवल काहीच नव्हतं.

मुठेच्या तळमजल्यावर गंगाराम खरात राहायला आले ते चौऱ्याण्णव साली. मूळचे सणसरचे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते; म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची, मिटायची आणि ज्याचं पाणी त्याला मोजून द्यायचं. चौतीस वर्षं कालव्याच्या भरावावरून चालून गुडघे गेले होते, पण अंगात एक ताठा होता आणि तो उगाच नव्हता. त्यांच्या लहानपणी सणसरला त्यांचा बाप घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलं लांब बसायचा. वरच्या आळीतली कुणी बाई आली आणि तिला दया आली, तर ती वरून पाणी ओतायची. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, देव पाण्यात सोडले, तेव्हा गंगाराम एकवीस वर्षांचे होते. पुढं चार वर्षांनी त्यांच्या हातात कालव्याच्या दाराची चावी आली, आणि त्याच वरच्या आळीतले बागाईतदार भरावावर येऊन "गंगारामराव, आमची पाळी कवा?" असं विचारू लागले. हा आनंद काय असतो हे ज्याला कधी तहानेनं बसवून ठेवलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

त्या आनंदाची किंमत मात्र घरानं मोजली. मुलगी रश्मी झाली तेव्हा आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू होतं. आबांनी, म्हणजे गंगारामांनी, तिचं तोंड बाराव्या दिवशी पाहिलं. तिचं लग्न लागलं आणि जेवणाच्या पंगती उठतात न उठतात तोच कालवा फुटल्याची वर्दी आली. पोरगी नांदेडला नांदायला निघाली तेव्हा बाप गुडघाभर चिखलात वाळूची पोती रचत होता. अक्काबाई, म्हणजे आबांची बायको, प्रत्येक वेळी एकच ऐकत आली: "रिटायर झाल्यावर बघ. मग तू म्हणशील तितं." तिला दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. लेकीकडं महिनाभर राहायचं होतं. फार काही मागणारी बाई नव्हती ती.

आणि रिटायर झाल्यावर आबांनी काय करावं? स्वतःच्या हातानं स्वतःला बांधून घेतलं.

झालं असं. पहिल्या उन्हाळ्यात वसाहतीत पाण्यावरून रोज तमाशा. टाकीखाली पाच इमारतींचे पाच व्हॉल्व्ह आणि प्रत्येक मंडळाकडं स्वतःची चावी. ज्याला आधी जाग येईल त्याच्या इमारतीला पाणी, बाकीच्यांनी बादल्या वाजवाव्यात. एके सकाळी भीमेचा अध्यक्ष आणि मुळेचा खजिनदार टाकीखाली एकमेकांच्या गळपट्ट्याला धरून उभे राहिले, तेव्हा संयुक्त सभा बोलावली गेली. दोन तास नुसता आरडाओरडा चालला. मग मागच्या खुर्चीवरून आबा उठले.

"माझं जरा ऐकता का? चौतीस वर्षं म्या हेच केलंय. तुमचा हा कालवाच हाय, फक्त लोखंडी हाय. शेजपाळी लावा."

शेजपाळी म्हणजे काय हे तिथल्या निम्म्या माणसांना वेगळं सांगावं लागलं नाही, त्यांच्या उसाला त्याच रीतीनं पाणी मिळत होतं. पाणी सुरू करायचं ते शेवटच्या टोकापासून आणि एकेक शेजारी भिजवत मुखाकडं यायचं, म्हणजे मुखाजवळच्या दांडग्याला टोकाच्या माणसाचं पाणी मारता येत नाही. टाकीपासून सगळ्यांत लांब मुठा, सगळ्यांत जवळ नीरा. "म्हंजी पयलं पाणी तुमालाच की," असं नीरेचे महिपतराव हसत म्हणाले, तर आबांनी दुसऱ्या दिवशी टेप धरून पाचही अंतरं मोजली आणि आकडे फळ्यावर लिहिले. प्रत्येक इमारतीला सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस. पाच चाळीसला सुरुवात, नऊला शेवट. दुपारी चारला परत सुरू, सात वीसला संपलं. पाचही चाव्या गोळा केल्या. वेल्डरकडून व्हॉल्व्हची डोकी अशी बदलून घेतली की एकाच चावीनं फिरतील. आणि ठराव आबांनी स्वतः सांगितला, संयुक्त सचिव संभाजीरावांनी लिहून घेतला: "चावी गंगाराम खरात यांचेकडेच राहील. यात बदल करणे झाल्यास पाचही इमारतींची एकमताने संमती लागेल." कालव्यावरचा त्यांचा अनुभव होता, भांडण पाण्यावरून होत नाही, चावी हातोहात फिरली की होतं. साठ जणांनी सह्या केल्या. शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. अक्काबाईनं तो नारळ घरात घेतला आणि ओट्याखाली सारला.

आठवड्यात भांडणं मिटली. नळाला वेळेवर पाणी येऊ लागलं. आबा टाकीखाली स्टूल टाकून बसत, मनगटावर एचएमटीचं घड्याळ, मांडीवर हातभर लांबीची लोखंडी चावी. येणारा जाणारा "आबा, राम राम" म्हणायचा, आबा "जय भीम" म्हणायचे, आणि हळूहळू समोरचेही "जय भीम, आबा" म्हणायला लागले. बघता बघता तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत आबा एकाही रात्री वसाहतीबाहेर राहिले नाहीत. नऊला मोकळे झाले की चारपर्यंत सात तास. सात तासांचं दावं. तेवढ्यात इंदापूरला जाऊन परत येता येतं, सणसरला मयत गाठता येते, कऱ्हाटीला साडूकडं जेवून येता येतं, पण जेवणानंतर पान खायला थांबता येत नाही. कुठंही बसले की त्यांची नजर मनगटाकडं. साडू एकदा वैतागून म्हणालाच, "दाजी, तुमाला सरकारनं सोडलं, पर तुमी सरकारला सोडंना." नागपूरच्या गाडीची दोन तिकिटं शहाण्णवच्या दसऱ्याला परत केली, कारण आदल्या दिवशी भीमेचा व्हॉल्व्ह गळायला लागला. अक्काबाई त्या दिवशी जेवली नाही.

मग सत्त्याण्णवच्या माघात रश्मीचं पत्र आलं. ती नांदेडला शाळेत शिकवत होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा दिवस जाऊन पोटातच गेलं होतं, आणि आता आठवा महिना लागला होता. पत्रात तिनं लिहिलं होतं: "आबा, या वेळी आईला एकटीला पाठवू नका. तुम्ही दोघं या. मला फार भीती वाटते. तुम्ही नुसते बाहेर बाकावर बसून राहिलात तरी चालेल."

आबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. "जायाचं," ते म्हणाले. अक्काबाईनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. या वेळी माणूस खरं बोलत होता. तिनं त्याच दिवशी डिंक आणि खारका आणल्या.

रविवारी अकरा वाजता भीमेच्या पार्किंगमध्ये सभा भरली. आबा धुतलेला सदरा घालून आणि चावी फडक्यात गुंडाळून गेले होते. दीड महिन्यासाठी चावी कुणीतरी घ्यावी, वेळापत्रक फळ्यावर आहेच, त्यात अक्कल लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. लेकीचं बाळंतपण, जायलाच पाहिजे, यात कुणाचं दुमत नव्हतं. मग प्रश्न आला, चावी कुणी घ्यायची? नीरेनं घ्यावी तर भीमा म्हणाली, टाकीजवळच्यांना आधीच जोर मिळतो. मुळेनं घ्यावी तर कऱ्हेला ते चालेना. पाळीपाळीनं घ्यावी तर एकमत कुणाचं? ठरावाचं पुस्तक निघालं. संभाजीरावांनी तो ठराव मोठ्यानं वाचला आणि ओशाळं हसून म्हणाले, "आबा, तुमीच घालून घेतलंय हे एकमताचं."

अर्धा तास असाच गेला. महिपतरावांना जेवायला जायचं होतं. ते उठता उठता, अगदी सहज, मदत करायच्या सुरात बोलले, "आवो, एवढं काय त्यात? आबा, तुमच्यातलं कुणी बघून द्या की. सणसरला असंल की तुमच्या माणसांतला एखादा रिकामा. त्यास्नी ह्या कामाची सवय बी असती. आमी काय न्हाय म्हणतोय का?"

"बराबर हाय," दोघंतिघं म्हणाले.

कुणी दचकलं नाही. कुणाला ते वावगं वाटलंच नाही. संभाजीरावांनी तेवढी मान खाली घालून पुस्तकाची पानं सारखी केली. आबा उभे होते. महिपतरावांच्या इतक्याच खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या नावावर होता, त्याच ठरावावर महिपतरावांच्या वर त्यांची सही होती. आणि तीन वर्षं ज्याला ते मान समजत होते त्याला इथली माणसं काय समजत होती, ते आज उघड्या पार्किंगमध्ये त्यांना कळलं. फडक्यातली चावी टेबलावर आपटून चालतं व्हावं असं मनात आलं. मग वाटलं, आपटली तर म्हणतील, बघा, शेवटी गेलेच जातीवर. सणसरहून कुणाला आणून बसवावं, तर आपणच शिक्का मारल्यासारखं होईल की हे काम आमचंच. आणि ठेवून घ्यावी, तर रश्मी. तिन्हीकडून दार बंद, आणि दारं आपणच मिटलेली.

"बघतो," एवढंच ते म्हणाले आणि चावी घेऊन घरी आले.

अक्काबाई दारातच उभी होती. फडकं तसंच हातात बघून तिनं काय ते ओळखलं. आबांनी सगळं सांगितलं, महिपतरावांचं बोलणंसुद्धा. ऐकून ती तडकली.

"मग फेका की तिच्यायला ती चावी! ऱ्हाऊ द्या समद्यास्नी कोरडं!"

"आन् मग काय म्हणतील?"

"म्हणू द्या! आवो, तुमाला वाटतं लोकं तुमाला मानत्यात. पाण्याला मानत्यात वो ती. पोरगी तिकडं जीव मुठीत धरून बसलीया आन् तुमी हितं कुणाला काय दावताय?"

"मी कामात कसूर केली असं कुणी म्हणाया न्हाय पायजे," आबा म्हणाले. "आता तर न्हायच न्हाय."

अक्काबाईनं पुढं वाद घातला नाही. चौतीस आणि तीन, सदतीस वर्षं वाद घालून ती थकली होती. मंगळवारी दुपारी एकच्या गाडीनं ती एकटी नांदेडला निघाली. आबांनी स्टँडवर पिशवी वर चढवून दिली, खिडकीशी उभे राहिले. गाडीला उशीर झाला. साडेतीन वाजले तसे आबा चुळबुळायला लागले. अक्काबाईनंच शेवटी सांगितलं, "जावा तुमी. चार वाजत्याल." आणि ते गेले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी कुणी नव्हतं.

त्या दिवसानंतर आबा पाळीला जरा जास्तच काटेकोर झाले, आणि नीरेच्या पाळीला तर फारच. सेकंदकाटा बारावर आल्याशिवाय उघडायचे नाहीत, बारावर आल्याशिवाय मिटायचे नाहीत. मनात राग होता, आणि त्या रागापायी महिपतरावांचं एक तांब्याभर पाणी जरी कमी झालं तर आपण त्यांच्याहून हलके ठरू, ही भीती रागाहून मोठी होती. महिपतराव बिचारे केव्हाच सगळं विसरून गेले होते. रोज भेटले की हसून राम राम करायचे.

तीन आठवडे गेले. फोन होता संभाजीरावांकडं, नीरेच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि नंबर अक्काबाई लिहून घेऊन गेली होती. एका गुरुवारी सकाळी नीरेची पाळी चालू असताना संभाजीरावांच्या पत्नी द्वारकाबाई जिना उतरून धावतच टाकीपाशी आल्या. काटेवाडीच्या शेतात वाढलेली दणकट बाई, पण धाप लागली होती.

"आबा, नांदेडचा फोन हाय! खरातास्नी बोलवा म्हणत्यात. चला बिगीबिगी!"

आबा स्टुलावरून उठले. त्यांनी घड्याळ पाहिलं. आठ त्रेपन्न.

"सात मिनिटं ऱ्हायल्यात," ते म्हणाले. "होल्ड करा म्हणावं."

"आवो, काय होल्ड? पोरीचं काय झालं, काय न्हाय, ते तर बघा!"

"आता मिटलं तर नीरेला सात मिनिटं कमी. उघडं टाकून आलो आन् वर माझं गुडघं अडाकलं, तर जादा. दोन्ही बी चालणार न्हाय."

"आमचंच पाणी हाय ना? आमी नीराचं लोक नको म्हणतोय!" द्वारकाबाईंनी हात पुढं केला. "द्या ती चावी माझ्याकडं. माझ्या बी हातात घड्याळ हाय. नवाला मिटते. जावा तुमी वर."

तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी चावी मागत होतं. तीही मनापासून. पार्किंगमधल्या त्या सभेत जो हात एकानंही पुढं केला नव्हता तो हा समोर होता, नीरेचाच. आबांनी त्या हाताकडं पाहिलं. नुसती बोटं सैल करायची होती.

"सातच मिनिटं," ते म्हणाले. "तुमी वर जाऊन सांगा. आलोच."

द्वारकाबाईंनी हात मागं घेतला, त्या वळल्या आणि जिना चढून गेल्या. आबा स्टुलावर बसले नाहीत. चावी व्हॉल्व्हवर धरून उभे राहिले. सात मिनिटं किती लांब असतात ते त्यांना कळलं, आणि तरी त्यांनी एकही मिनिट खाल्लं नाही. काटा बारावर आला. त्यांनी व्हॉल्व्ह मिटला, चावी काढली आणि गुडघ्यावर हात देत देत तीन मजले चढले.

दार उघडंच होतं. फोन टेबलावर होता आणि रिसीव्हर जागच्या जागी ठेवलेला होता. द्वारकाबाई शेजारी उभ्या होत्या.

"काल सांजच्याला झाली," त्या म्हणाल्या. "मुलगी. दोघी बी चांगल्या हाईत, काळजी करू नका. रातीपास्नं लाईनच लागत न्हवती म्हणं."

"अक्का काय म्हणली?"

"अक्काबाई न्हवत्या फोनवर. रश्मी हुती." द्वारकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "नर्सनं धरून आणली हुती काउंटरपातूर. मला स्वतःच आबांना सांगायचंय म्हणली. म्या म्हणलं, सात मिनिटं थांब पोरी, तुज्या आबाच्या हातात पाळी हाय. थांबली की वो. उभी हुती. मग म्हणली, मावशी, आता उभं राहवत न्हाय, ठेवते."

 चावीला लागलेलं पाणी द्वारकाबाईंच्या पुसलेल्या फरशीवर टपटपत होतं आणि आबा ते बघत राहिले. नांदेडच्या दवाखान्याचा नंबर कुणाकडंच नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या गॅलरीतून महिपतरावांचा आवाज आला. त्यांनी आबांना जिना चढताना पाहिलं असावं. टॉवेल खांद्यावर टाकून ते दारातून आत डोकावले आणि तोंडभरून म्हणाले, "आबा, आज पाणी कसं एक नंबर आलं बघा. शेवटापातूर फोर्स. तुमच्यासारखा माणूस मिळायचा न्हाय आमाला."

ते ऐकून आबांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीत कुठंतरी. आणि आपल्याला बरं वाटलं हे ध्यानात आलं, तशी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बापाच्या त्या रिकाम्या घागरीपाशीसुद्धा कधी वाटली नव्हती.

"येतो," ते द्वारकाबाईंना म्हणाले, आणि भिंतीला धरत, चावी सावरत, जिना उतरू लागले.